वै, शा, ली

५ जानेवारी, तोक्यो. रात्रीचे साडेदहा.

नखांतली शाई अजून निघालेली नाही. साबण झाला, लिंबू चोळून झालं.

आज शोदोच्या, म्हणजे कुंचल्याने सुंदर अक्षरं काढायच्या वर्गात काकिझोमे, म्हणजे नव्या वर्षाचं पहिलं लेखन. खरा दिवस २ जानेवारीचा, पण सुट्ट्यांमुळे आजवर ढकलला. बाकीच्यांनी ‘आशा’, ‘पहिला सूर्योदय’ असं काहीबाही लिहिलं. मी म्हटलं, मला माझं नाव लिहायचंय. कांजीत, म्हणजे चीनहून आलेल्या, प्रत्येकाला स्वतःचा अर्थ असलेल्या अक्षरांत.

परदेशी नावं इथे काताकानात, म्हणजे नुसत्या उच्चारांच्या लिपीत लिहितात आणि त्यात मी ‘बाइशारी’ होते. ‘व’चा ‘ब’, ‘ल’चा ‘र’. त्याची आता सवय झालीय. कांजीचा पहिला प्रयोग नवऱ्याने माझ्या वाढदिवसाला केला होता. शब्दकोशातून नुसते उच्चार जुळवले, बाइ, शा, रि, आणि एका दुकानात पंख्यावर लिहून घेतले. दोन वर्षं तो पंखा आम्ही हॉलमध्ये मिरवला. मग शेजारच्या आजी हसू दाबत म्हणाल्या, यावर लिहिलंय ‘विकणे, गाडी, नफा’.

हा किस्सा ऐकून बाई उठल्या आणि एक जाडजूड कोश घेऊन आल्या. ‘वैशाली हे गाव आहे ना?’ हो, बिहारमधलं, बुद्धाच्या येण्याजाण्याचं. (पुण्यात हे कुणी विचारणार नाही, तिथे वैशाली म्हणजे हॉटेल आणि डोसा.) सूत्रांची चिनी भाषांतरं करणाऱ्यांनी त्या गावाचं नाव कधीच तीन अक्षरांत बसवून ठेवलंय. जपानीत ते ‘बिशारि’ असं वाचतात.

‘बि’ हे बिशामोनतेनमधलं अक्षर. बिशामोनतेन म्हणजे आपला वैश्रवण, कुबेर. १६व्या शतकातला सरदार उएसुगी केन्शिन हे एवढं एकच अक्षर झेंड्यावर घेऊन लढायला जायचा. थोडक्यात, आमचं ‘वै’! ‘शा’ म्हणजे घर, डोक्यावर छप्पर असलेलं. ‘इनाका’ या शब्दात, म्हणजे गावाकडच्या मुलखात, तेच येतं. आणि ‘रि’ म्हणजे दूर होणं.

इथे बाई अडखळल्या. ‘रिकोन’, घटस्फोट, त्यातलंच हे अक्षर. नावात कशाला? त्याऐवजी त्यांनी दुसरा ‘रि’ काढून दिला, ‘मात्सुरिका’तला. हा शब्द संस्कृत ‘मल्लिका’वरून चीनमार्गे इथे आला. फूल कुठलं, तर आपला मोगरा.

मोह झालाच. पण ‘घर’ आणि ‘दूर’ शेजारी शेजारी बघून मला वाईट वाटायच्या ऐवजी बरोबर वाटलं. बदलापूर सोडून नऊ वर्षं झाली. म्हटलं, जुनंच लिहिते.

ते ‘रि’ अक्षर म्हणजे रेघांचं जंगल. शेवटून तिसरी आडवी रेघ बारीक आली म्हणून हळूच परत गिरवली. गिरवायचं नसतं, माहीत आहे. कागद शाई पितो आणि चोरी उघडी पडते. बाईंनी काही न बोलता लाल शाईने शेजारी ती रेघ एका दमात ओढून दाखवली.

वर्गातल्या कोरियन मैत्रिणीने तेवढ्यात मला हांगुलमध्ये लिहिलं: ‘बाइशाल्ली’. ‘व’ तिच्याकडेही नाही, पण ‘ल’ जोडून दिला म्हणून वाचला. राजा सेजोंगने १४४६ मध्ये ही लिपी जाहीर केली. व्यंजनांचे आकार तोंडातल्या अवयवांवरून घेतलेत. ‘श’साठी वापरलेलं अक्षर दातावरून आलंय, हे तिने स्वतःच्या दातावर बोट ठेवून सांगितलं. सगळा वर्ग दात चाचपायला लागला.

मग बाई म्हणाल्या, आता तुझ्या लिपीत. मी कुंचल्याने वै, शा, ली लिहिलं आणि शेवटी वरून सर्रकन शिरोरेषा ओढली. बाई चमकल्या. वरची रेघ शेवटी? त्यांच्याकडे वरून खाली यायचं, हा पहिला धडा. त्यांनी कुंचला घेतला, आधी आडवी रेघ मारली आणि दोरीवर कपडे वाळत घालावेत तशी एकेक अक्षरं खाली लावली.

‘शा’चा काना रेघेला टेकलाच नाही. मी लाल शाई मागून घेतली.