फौजदारीण

आमचं घर कोकणात, लांज्याच्या बाजूला. परसात सहा गावठी कोंबड्या आणि एक कोंबडा, बरीच वर्षं. त्यांच्याकडे कधी फार लक्ष द्यावं लागलं नाही. सकाळी खुराड्याची फळी काढली की आगरात, म्हणजे बागेत, पांगायच्या, दिवेलागणीला आपल्या आपण आत. गेल्या जूनच्या अखेरीस मी आठवडी बाजारातून ग्रामप्रिया या सुधारित जातीच्या तीन तलंगा आणल्या, म्हणजे अजून अंड्यावर न आलेल्या कोंबड्या. तीन-साडेतीन महिन्यांच्या असतील. पाऊस धो धो पडत होता. पाटीतून काढल्या आणि सरळ जुन्यांच्यात सोडल्या.

पहिल्या दिवशी टोचाटोची झाली. होणारच, म्हणून मी कामाला लागले. आमच्यात एक काळी कोंबडी आहे, तुरा एका बाजूला पडलेला. तिला घरात सगळे फौजदारीण म्हणतात. दाण्याला पहिली ती, दांडीवर कोपऱ्यातली जागा तिची, कोणी वाटेत आलं तर मानेवर एक टोच. बाकीच्यांना ते ठाऊक होतं, त्या बाजूला व्हायच्या. या तलंगांना ठाऊक नव्हतं, आणि बाजूला व्हायला जागाही नव्हती.

तिसऱ्या दिवशी एक तलंग सापडत नव्हती. बघते तर दाण्याच्या डब्यामागे कोपऱ्यात डोकं खुपसून उभी, पाठ सगळ्यांकडे. मानेवरची पिसं गेलेली, कातडी लाल, एका पापणीला सूज. हातात घेतली तरी फडफडली नाही. कोमट पाण्यात पोटॅश परमँगनेटचे दोन कण टाकून जखम धुतली आणि वर जांभळं औषध लावलं. त्याचे दोन फायदे. जखम पिकत नाही आणि लाल रंग झाकला जातो. रक्ताचा लाल ठिपका दिसला की जी कोंबडी कधी कोणाच्या वाटेला जात नाही तीही येऊन टोचते. माझी बोटं आठवडाभर जांभळी होती. किराणावाल्याने विचारलं, मतदान कधी झालं?

पण गेली ती ही नव्हे. चौथ्या दिवशी सकाळी दुसरीच, सगळ्यांत लहान तलंग मरून पडली होती. अंगावर एक जखम नाही. सासूबाईंनी तिच्या गळ्याखालची पिशवी चाचपली आणि माझा हात तिथे नेला. कोंबडी रात्री दांडीवर बसते तेव्हा ती पिशवी दाण्यांनी लिंबाएवढी टरारलेली लागते. हिची नुसती कातडी हाताला आली. चार दिवस ती भांड्यापर्यंत पोचलीच नव्हती. भांडं भरलेलं होतं, मी रोज दोनदा भरत होते, आणि मला वाटत होतं सगळ्या खातायत.

मग माझा राग फौजदारणीवर निघाला. तिला उचलून पडवीत डालग्याखाली घातली. तीन दिवस शांततेत गेले. चौथ्या दिवशी भुरी, जी इतकी वर्षं फौजदारणीच्या मागे मुकाट चालायची, तिने तलंगांना धरलं. अगदी तसंच, मानेवर. सासूबाई न्हाणीच्या दारातून बघत होत्या. म्हणाल्या, “एकीला तुरुंगात टाकलंस गो, तर दुसरी फौजदार झाली. त्यांचा काय दोष? तूच कोंडलंस त्यांना.”

झोंबलं. पण टेप घेऊन खुराडं मोजलं. पाच फूट बाय चार. जुन्या सात आणि नव्या तीन, म्हणजे एकेकीच्या वाट्याला दोन चौरस फूट. रात्री झोपायला चालतं तेवढं. आमच्याकडे जुलैत मात्र कोंबड्या दिवसदिवस बाहेर पडत नाहीत. आगरात हरलेली कोंबडी वीस पावलं पळते आणि भांडण संपतं. इथे पळून जाणार कुठे? परत त्याच पायांत.

मुलाने सांगितलं, कोंबड्यांमधल्या या उतरंडीचा अभ्यास पहिल्यांदा नॉर्वेतल्या एका माणसाने केला. शेल्डेरुप-एब्बे त्याचं नाव. लहानपणापासून कोण कोणाला टोचतं याच्या नोंदी ठेवायचा आणि १९२१ मध्ये त्यावर प्रबंधच लिहिला. मला त्यातलं एवढंच घेण्यासारखं वाटलं की उतरंड असणारच. ती मोडायला गेले तर त्या पुन्हा रचणार, आणि रचताना रक्त निघणार. ती लवकर आणि कमी रक्तात कशी रचली जाईल, एवढंच माझ्या हातात.

गोठ्याशेजारी मांगर आहे, गवत ठेवायचा. तो अर्धा रिकामा केला. बंदरावरून दिरांनी मासे पकडायचं जुनं जाळं आणून दिलं, ते मधोमध ताणून बांधलं. एका बाजूला जुन्या, एका बाजूला दोन तलंगा. एकमेकींना बघायचं, आवाज ऐकायचा, जाळ्याच्या दोन बाजूंनी शेजारी शेजारी दाणे टिपायचे, पण चोच पोचायची नाही. दोन आठवडे असं ठेवलं. पहिले दोन दिवस भुरी जाळ्यावर धडका देत होती. नंतर कंटाळली.

त्या दोन आठवड्यांत खाण्याचंही बघून घेतलं. दवाखान्यातल्या डॉक्टरांनी पहिला प्रश्न तोच केला, घालता काय? तांदळाची कणी, कोंडा, उरलेला भात. त्यांनी विचारलं, पिसं खाताना दिसतात का? दिसत होत्या. एक कोंबडी पडलेलं पीस उचलून सरळ गिळायची, मला गंमत वाटायची. एरवी आगरात किडे, वाळवी, गांडुळं मिळतात, त्यांतून प्रथिनं जातात. कोंडल्यावर नुसती कणी, म्हणून ती तूट पिसांनी भरायची. मग तलंगांसकट सगळ्यांना वाढीचं तयार खाद्य सुरू केलं, आणि वर थोडा सुका जवळा, दोनदा पाण्यातून काढून. खारट तसाच घालू नये. अंड्यावरच्या कोंबड्यांचं खाद्य तलंगांना देऊ नका, असं डॉक्टरांनी बजावलं होतं. त्यात चुना जास्त असतो, तो अंडी न घालणाऱ्या पक्ष्याच्या मूत्रपिंडांना सोसत नाही. त्यामुळे शिंपल्यांचा चुरा वेगळ्या करवंटीत ठेवला. जिला लागतो ती खाते.

चोची कापून घ्या, असंही एकाने सुचवलं. हजारोंच्या शेडमध्ये करतात, माहीत आहे. पण चोच म्हणजे काही नख नव्हे, आत मज्जातंतू असतात, दुखतं. आणि आगरात उकरून पोट भरणाऱ्या कोंबडीची चोच कापली तर तिने खायचं कशाने?

आणखी एक गोष्ट मी उगाच फौजदारणीच्या नावावर लिहिली होती. दोन जुन्या कोंबड्यांची पाठ उघडी पडली होती. ते काम कोंबड्याचं. तो वर चढताना नखांनी पाठीवरची पिसं जातात. डोकं आणि मान सोलली असेल तर बहुधा टोचाटोचीचं, पाठ घासली असेल तर बहुधा कोंबड्याचं. हे आधी कळलं असतं तर तिला एक आरोप कमी लागला असता.

जाळं उघडायच्या आधी मांगरात दाण्याची तीन भांडी ठेवली, एकावरून दुसरं दिसणार नाही अशी. पाण्याची दोन. बांबूच्या दांड्या सारख्या उंचीवर बांधल्या, कारण वरच्या दांडीवरून भांडणं होतात. खाली भाताचं तूस पसरून त्यात मूठभर दाणे विखुरले आणि शेवग्याचे डहाळे चोच पोचेल इतक्या उंचीवर टांगले. एक जुनी फळी भिंतीला तिरकी लावली, मागे लपता यावं म्हणून. सगळ्यांत जास्त उपयोग या फळीचा झाला असं मला वाटतं. काही खर्च नाही त्याला.

संध्याकाळी, सगळ्या दांडीवर बसल्यावर, तलंगा उचलून मधे बसवल्या आणि पहाटे तिथेच जाऊन बसले. मनाशी ठरवलं होतं, पाठलाग आणि एखादी टोच चालेल. खाली दाबून टोचायला लागल्या किंवा रक्त दिसलं तरच उठायचं. अर्धा तास पळापळ झाली. जांभळ्या मानेची तलंग चार वेळा फळीमागे गेली. पाचव्यांदा गेली नाही, मान खाली घालून बाजूला सरकली, आणि भुरीने तिला सोडलं. मला उठावं लागलं नाही.

फौजदारीण सगळ्यांत शेवटी, आणखी चार दिवसांनी आत गेली. नेहमीसारखी ताठ मानेने भांड्याकडे निघाली आणि भुरीने तिला अशी टोच मारली की ती दोन पावलं मागे. आता ती तिसऱ्या नंबरवर आहे. मला थोडं वाईट वाटलं, खोटं कशाला बोलू.

गणपतीला दीर म्हणाले, गौरीच्या तिखट्या सणाला, म्हणजे सामिष नैवेद्याला, हिलाच लावा कामाला. सासूबाईंनी ऐकून घेतलं नाही. दोन वर्षांपूर्वी मुंगूस पिल्लांवर आलं तेव्हा हीच अंगावर धावून गेली होती. सध्या ती खुडूक होऊन पडवीत बसली आहे, अकरा अंड्यांवर, त्यांतली दोन त्या तलंगांची. मांगरातलं जाळं मी अजून काढलेलं नाही.