तुम्ही विचारलंत म्हणून: हक्कसोडवर सही का नाही केली

गावच्या जमिनीच्या हक्कसोडपत्रावर, म्हणजे माझा हिस्सा दादाला सोडून देण्याच्या कागदावर, मी सही का करत नाही हे आता लोक लग्नाच्या हॉलमध्येसुद्धा विचारायला लागलेत, म्हणून एकदाच लिहून टाकते.

आमची सिंधुदुर्गात दोडामार्गातली उताराची जमीन बांबर्ड्याच्या रानजायफळाच्या देवराईच्या वरच्या अंगाला. राईला सरकारने जैवविविधता वारसा स्थळ केलंय, मग कसली भीती, असं सगळे म्हणतात. अहो पण ती राई आहे जेमतेम अडीच हेक्टर! रानजायफळ बारमाही ओल्या चिखलात उभं असतं, मुळं श्वास घ्यायला गुडघ्यासारखी वाकून वर येतात, बी सुकलं की मेलंच, साठवून ठेवायची सोय नाही. आणि ते पाणी येतं वरच्या उतारांवरून झिरपून. तिथलं रान साफ करून रबर नाहीतर अननस लावला की पहिल्या पावसात माती खाली. राईला कुणी कुऱ्हाड लावायचीही गरज नाही.

झाडतोडीला कोर्टाची बंदी आहे म्हणता? 2013 पासून आहे. तरी तोड थांबली नाही, रस्त्यावरून दिसते.

पूर्वी मीच म्हणायचे, देवाची राई, तिला कोण हात लावणार. आता तसं म्हणवत नाही.

परळला दादाकडे बसलो होतो. कागद टेबलावर, पेन उघडलेलं, जमिनीच्या गिऱ्हाईकाचा फोन दोनदा येऊन गेलेला. मी पाण्याचं सांगत होते, दादा खाली बघून ऐकत होता. वहिनी आत गेली आणि भाच्याच्या इंजिनिअरिंगच्या फीची पावती आणून माझ्यासमोर ठेवली. म्हणाली, "वन्सं, तुम्हाला झाडं दिसतात, आमचा पोरगा दिसत नाही." मी म्हटलं फी मी भरते. तेव्हा दादा पहिल्यांदा बोलला. "भीक नको." त्यावर्षी भाऊबीजेला तो आला नाही, मी ताट करून रात्री दहापर्यंत बसले होते.

माझा मुलुंडला स्वतःचा फ्लॅट आहे, घरात दोन पगार येतात, मला नाही म्हणणं परवडतं, त्याला नाही, हे मला कळतं. पण कायद्याने माझाही हिस्सा आहे आणि तो मी रबराला देणार नाही. खालच्या सपाट तुकड्यात काजू लावूया, उत्पन्न सगळं तुझं, वरचं रान तेवढं राहू दे, असं दादाला कळवलंय. त्याचं उत्तर अजून आलेलं नाही, आणि तो नाहीच म्हणाला तर मी काय करणार ते मलाही माहीत नाही.