बॅटरी भरतेय की उतरतेय? एका बाणासाठी सात आठवडे

"मॅडम, ॲपमध्ये सगळं दिसतं ना?" हे वाक्य मी इन्व्हर्टर कंपनीच्या कस्टमर केअरकडून सहा वेळा ऐकलं. नाही दिसत. आमच्या ॲपमध्ये सोलर, बॅटरी आणि बाहेरच्या लाईटचं पाच मिनिटांपूर्वीचं चित्र दिसतं, तेही घरचं वायफाय आणि त्यांचा सर्व्हर दोन्ही चालू असतील तर. मला आत्ताचं हवं होतं. स्वयंपाकघराच्या भिंतीवर, मराठीत, आणि शहात्तर वर्षांच्या सासूबाईंना चष्मा न शोधता वाचता येईल एवढं मोठं. त्यासाठी इन्व्हर्टरच्या कुठल्या रजिस्टरमध्ये (म्हणजे त्याच्या आतल्या आकडे ठेवायच्या क्रमांकाच्या खणात) कुठला आकडा असतो, एवढी यादी पाहिजे होती. ती मागून सात आठवडे गेले आणि शेवटी आली ती दुसऱ्याच मॉडेलची. तो राग अजून गेलेला नाही, म्हणून लिहितेय. ज्यांना हे करायचं आहे त्यांचे तरी सात आठवडे वाचू देत.

आमच्या कराडच्या घरावर ३ किलोवॅटचं सोलर आहे, हायब्रिड इन्व्हर्टर (सोलर, बॅटरी आणि बाहेरची लाईट तिन्ही सांभाळणारा) आणि ५.१२ युनिटची लिथियम बॅटरी. पॅनेल बसणं, नेट मीटर, सूर्यघर योजनेची ७८ हजारांची सबसिडी हे सगळं सुरळीत झालं. बॅटरीला सबसिडी मिळत नाही, तरी ती घेतली, कारण साधा, बॅटरी नसलेला ऑन-ग्रिड इन्व्हर्टर लाईट गेली की स्वतःहून बंद होतो. लाईनवर काम करणाऱ्या माणसाच्या जिवासाठी ते तसंच असायला हवं. पण मग डोक्यावर भर उन्हात पॅनेल आणि खाली फ्रीज बंद.

बॅटरी आली आणि वेगळीच अडचण उभी राहिली. लाईट गेली की घर इतक्या पटकन बॅटरीवर येतं की पंख्याचा वेगसुद्धा बदलत नाही. लाईट गेल्याचं कुणाला कळतच नाही. सासूबाई दिवसातून तीनदा विचारायच्या, "अगं, आत्ता घरघंटी लावू का?" आणि मी ऑफिसातून ॲप उघडून पाच मिनिटांपूर्वीचं उत्तर द्यायचे. हे उत्तर त्यांना त्यांच्या ओट्यासमोर दिसलं पाहिजे, एवढाच माझा हट्ट होता.

चित्र डोक्यात पक्कं होतं. वर सूर्य, डावीकडे बाहेरची लाईट, उजवीकडे बॅटरी, खाली घर, आणि मधल्या रेषांवर सरकणारे ठिपके. वीज जिकडे जातेय तिकडे ठिपके आणि बाण. इन्व्हर्टरच्या पोर्टला केबल, त्याला आरएस-४८५चं (दोन वायरींवरून आकडे पाठवायची पद्धत) छोटं मॉड्यूल, पुढे ईएसपी३२ हा वायफायवाला छोटा बोर्ड, तिथून होम असिस्टंट (घरातल्या उपकरणांचे आकडे एकत्र दाखवणारं सॉफ्टवेअर) आणि जुन्या टॅबवर पान. मॉड्यूल ३.३ व्होल्टचं घ्या. बाजारात सर्रास मिळतं ते ५ व्होल्टचं असतं आणि ईएसपी३२ ३.३चा आहे. काहीच वाचलं जात नसेल तर आधी मॉड्यूलच्या ए आणि बी वायरी उलटून बघा. माझी एक अख्खी संध्याकाळ त्यात गेली.

खरं घोडं अडलं ते यादीपाशी. कंपनीला मेल केला. तिकीट नंबर आला, चार दिवसांनी तिकीट बंद झाल्याचा मेल आला. पुन्हा उघडलं. "डीलरशी बोला." डीलर म्हणाला, कंपनीला विचारा. कंपनी म्हणाली, सिरीयल नंबर पाठवा. पाठवला. मग इन्व्हर्टरचा फोटो, मग बिलाची प्रत, मग कशासाठी पाहिजे ते लेखी कळवा. सगळं पाठवलं. विकत घेतलेल्या यंत्राचे आकडे वाचायची परवानगी मी हात जोडून मागत होते. मी काही बदलणार नव्हते, फक्त वाचणार होते, हे चार वेळा लिहिलं. (आणि तुम्हीही फक्त वाचाच. रजिस्टरमध्ये लिहिण्याची आज्ञा चुकूनही देऊ नका. चार्जिंगची मर्यादा त्यातूनच बदलते.)

तिसऱ्या आठवड्यात माझा धीर सुटला. इंटरनेटवर मिळत्याजुळत्या मॉडेलची यादी सापडली, तीच लावली. पहिल्या दिवशी बाहेरची लाईट ६५,२३६ वॅट दाखवायला लागली. आमचं सोलर ३,००० वॅटचं! हा आकडा मात्र लवकर उलगडला. रजिस्टर सोळा बिटचं असतं, त्यात उणे आकडा थेट बसत नाही, तो ६५,५३६ मधून वजा होऊन येतो. म्हणजे उणे ३००. आमची ३०० वॅट वीज बाहेर जात होती. ईएसपीहोममध्ये (ईएसपी३२ला काय वाचायचं ते सांगणारं सॉफ्टवेअर) त्या ओळीत यू_वर्डच्या (बिनचिन्हाचा आकडा) जागी एस_वर्ड (चिन्हासकट आकडा) केलं की झालं.

त्यानंतर सगळं बरोबर दिसायला लागलं. सकाळी नऊपासून ठिपके सूर्याकडून बॅटरीकडे, ती भरली की बाहेर, रात्री बाहेरून घरात. आठ दिवस मी पान बघून खूश होत होते. सासूबाईंना शिकवलंसुद्धा, "आई, ठिपके बॅटरीकडे जात असले की घरघंटी खुशाल लावा."

जुलैतला दिवस होता, सकाळपासून पाऊस. लाईट साडेनऊलाच गेली होती, कुणाला कळलं नाही. सासूबाईंनी पान पाहिलं, ठिपके बॅटरीकडे जात होते. त्यांनी दीड तास घरघंटीवर ज्वारी आणि थालीपीठाची भाजणी दळली. दुपारी दोनला बॅटरी २० टक्क्यांवर आली आणि इन्व्हर्टरने हात वर केले. फ्रीज, पंखे, पाण्याची मोटर, सगळं बंद. मी घरी आले तेव्हा त्या अंधाऱ्या स्वयंपाकघरात पिठाचा डबा मांडीवर घेऊन बसल्या होत्या. म्हणाल्या, "तुझ्या बाणाकडे बघूनच लावली गं मी." मला फार लागलं ते. चूक त्यांची नव्हती. बाण खोटं सांगत होता आणि तो मीच लावला होता.

झालं होतं असं: बॅटरीच्या वॅटच्या आकड्याला आमच्या मॉडेलमध्ये चिन्हच नसतं. भरताना ३०० आणि उतरतानाही ३००. दिशा वेगळ्याच रजिस्टरमध्ये असते आणि ते त्या उसन्या यादीत नव्हतं. लाईट असताना आमची बॅटरी फक्त भरते, लाईट गेल्यावर खर्चायला राखून ठेवलेली, त्यामुळे आठ दिवस चूक दिसायला वावच नव्हता.

दुसऱ्याच दिवशी पान काढून टाकलं आणि दिशा स्वतःच शोधायची ठरवली. इन्व्हर्टर बसवणाऱ्या मुलाला विचारून घेतलं, मेन एमसीबी पाडला तर काही बिघडणार नाही ना. मग पहिल्या दोनशे रजिस्टरांचे आकडे तीन वेळा उतरवले: दुपारी बॅटरी भरताना, रात्री ती स्वस्थ असताना, आणि पहाटे पाचला मेन पाडून, घर नुसतं बॅटरीवर असताना. पहाटे ऊन नसतं, म्हणजे उतरतेय यात शंकाच नाही. पट्टी घेऊन वहीत तीन रकाने आखले आणि पेन्सिलीने ओळीओळीने ताडून बघितलं. बरेच आकडे नुसतेच हलतात, तापमान, व्होल्टेज वगैरे. पण एक ओळ सापडली: दुपारी १, रात्री ०, पहाटे २. मी मेन वर केला, ०. पुन्हा पाडला, २. पाच वेळा केलं. पहाटे साडेपाचला, उठलेल्या माणसाला हाक मारून सांगावं असा आनंद झाला होता. सासूबाई उठलेल्याच होत्या.

कंपनीची यादी त्यानंतर बारा दिवसांनी आली.

आता कुणी विचारलं तर पहिलं हेच सांगते: चारही बाण, त्यातले बॅटरीचा आणि बाहेरच्या लाईटचा दोन्ही दिशांनी, प्रत्यक्ष तपासल्याशिवाय घरच्यांना दाखवू नका. आणि बॅटरीच्या टक्क्यांचा पहारा ठेवा. दहा मिनिटांत टक्के घटले आणि बाण भरतेय म्हणत असेल, तर आमचं पान बाण काढून टाकतं आणि 'खात्री नाही' असं लिहितं.

घराचा आकडा इन्व्हर्टर देतो तो फक्त बॅकअपच्या लाईनचा, म्हणजे लाईट गेल्यावरही चालू राहणाऱ्या भागाचा. गिझर त्यात नाही. मी घर हिशेबाने काढते: सोलर, बाहेरून आलेली आणि बॅटरीतून निघालेली यांची बेरीज, त्यातून बाहेर गेलेली आणि बॅटरीत भरलेली वजा. ढग आला की घर क्षणभर उणे १४० वगैरे दाखवायचं, कारण आकडे वेगवेगळ्या क्षणी वाचले जात होते. सगळी रजिस्टरं एका दमात वाचली आणि दहा सेकंदांची सरासरी घेतली, तेव्हा थांबलं. ३० वॅटच्या खालचे ठिपके दाखवूच नका, उगाच लुकलुकत राहतात.

रंगावर भिस्त ठेवू नका. सासऱ्यांना लाल-हिरवं वेगळं दिसत नाही, म्हणून प्रत्येक बाणाशेजारी 'भरतेय', 'उतरतेय' असे शब्द आहेत. लाईट गेली की वरची पट्टी अख्खी काळी होते आणि पांढऱ्या ठळक अक्षरांत 'लाईट नाही, शिल्लक ३ तास'. हे तास आत्ताच्या वापरावरून काढलेले, त्यामुळे घरघंटी लावली की ते डोळ्यांदेखत घटतात. सासूबाईंना सगळ्यात पटलेली गोष्ट ती.

टॅब आधी नको होता, ईएसपी३२चाच छोटा स्क्रीन लावला होता. त्यावर मराठी नीट उमटेना. 'शिल्लक'मधली वेलांटी श च्या पुढे जाऊन पडायची, जोडाक्षरं फुटायची. ब्राउझरमध्ये अक्षरं जशीच्या तशी येतात. मात्र टॅब कायम चार्जिंगला ठेवू नका, त्याची बॅटरी फुगते. आमचा स्मार्ट प्लगवर ४० ते ८० टक्क्यांत फिरतो.

पेन्सिलीचा तो तीन रकान्यांचा कागद प्लास्टिकच्या पिशवीत घालून इन्व्हर्टरशेजारी खिळ्याला अडकवला आहे. पुढच्या सर्व्हिसिंगला जो कोणी येईल, त्याला कंपनीला मेल करत बसायला नको.