हरलेला डाव पुन्हा मांडताना

बुद्धिबळाचा डाव हरल्यावर लातूरहून निघालेली एसटी गंगाखेडला पोचेपर्यंत माझं पहिलं काम उरकलेलं असतं. स्कोअरशीटच्या, म्हणजे चाली लिहायच्या कागदाच्या, कार्बन कॉपीवर पेन्सिलीने टिपायचं: इथं काय वाटलं, कोणती चाल खेळता खेळता सोडली, कशाला घाबरलो. हे त्याच दिवशी. दोन दिवसांनी जे आठवतं ते बरंचसं मनानं जुळवलेलं असतं. घड्याळात उरलेली मिनिटं तर डाव चालू असतानाच दर पाच चालींनी लिहून ठेवतो. नियमात ते बसतं. ९० मिनिटं अधिक दर चालीला ३० सेकंदांच्या डावात बाराव्या चालीवरच २५ मिनिटं घालवली असतील, तर पस्तिसाव्या चालीच्या घाईचं मूळ तिथं सापडतं.

घरी आधी साधा पट, इंजिन (चाली तपासणारा संगणक प्रोग्राम) बंद. पाऊण तास तरी. लाईट गेली असली तर उलट बरंच, मोह होत नाही. प्रत्येक चालीला एकच प्रश्न: समोरच्याला आता काय करायचं होतं? माझे निम्मे डाव हा प्रश्न न विचारल्यामुळे गेलेत.

मग लिचेस या बुद्धिबळाच्या वेबसाइटवर स्टॉकफिश हे इंजिन. कोण किती पुढं ते सांगणारा त्याचा आकडा ०.३ने हलला तर सोडून द्यायचं, दीडपेक्षा जास्त घसरला तिथं थांबायचं. लगेच सर्वोत्तम चाल बघत नाही. माझीच चाल खेळून तिला काय उत्तर येतं ते पाहतो. चूक त्या उत्तरात दिसते. ओपनिंगला, म्हणजे डावाच्या सुरुवातीला, पाच मिनिटं पुरतात: पुस्तकातली चाल नेमकी कुठं सुटली, एवढंच.

एंडगेममध्ये, म्हणजे मोजकी मोहरी उरल्यावर, मात्र इंजिन आकडा देतं, कारण देत नाही. पांढरा राजा ई४, प्यादं ई३, काळा राजा ई६, चाल पांढऱ्याची: ०.००, म्हणजे बरोबरी. इथं डोकं खाजवून उपयोग नाही, चार-पाच चाली मागं जायचं. ई२ वरचं प्यादं तेव्हा उगाच एक घर पुढं ढकललेलं असतं. ते ई२ वरच असतं, तर आता ई३ खेळून चाल समोरच्यावर ढकलता आली असती, त्याला राजा हलवावाच लागला असता. काळा राजा डी६ला सरकला की आपला एफ५ला घुसतो, आणि डाव जिंकलेला.

वहीत याची नोंद ‘ज्ञान कमी’ अशी होत नाही, ‘राखीव चाल घाईत खर्च’ अशी होते. मग तीच स्थिती, प्यादं ई२ वर ठेवून, इंजिनविरुद्ध तीनदा खेळतो.