शंभराचे पंचाहत्तर

शनिवार, रात्री

मंदीत घर घ्यायचं म्हणून आज तिसरं पाहिलं. एजंट दारातच सुरू झाला, "मॅडम, तेजीत याचे शंभर मागत होते. आज पंचाहत्तर. आता याच्या खाली जाणं नाही." (त्याने अर्थात खरे आकडे सांगितले. हिशेबाला शंभर सोयीचे, म्हणून वहीत शंभरच लिहिते.) याच्या खाली जाणं नाही, हे त्याने पहिलं घर दाखवतानाही म्हटलं होतं. त्याला चार महिने झाले. ते घर अजून विकलं गेलेलं नाही, मागणी मात्र तेवढ्यात दोनदा उतरली.

घरात भाडेकरू बाई होत्या. आम्ही खोल्या बघत फिरत होतो तेव्हा त्या स्वतःच्याच घरात पाहुण्यासारख्या एका कोपऱ्यात उभ्या. न्हाणीघराच्या भिंतीवर ओल दिसली. एजंट म्हणाला, "रंग मारला की जाईल." बाई हळूच म्हणाल्या, "दोनदा मारून झालाय." मग मला विचारलं, "ताई, तुम्ही राहायला येणार की भाड्यानेच ठेवणार?" मी म्हटलं, अजून काहीच ठरलं नाही. खोटं होतं ते. राहायला मी येणार नव्हतेच.

मुदत ठेव पुढच्या महिन्यात मोकळी होते आहे. सगळे घाबरलेत तेव्हाच घ्यायचं असतं, असं गेलं वर्षभर मी स्वतःला सांगते आहे. घरी येताना लक्षात आलं, की आज मी भिंती पाहिल्या, नळ सोडून पाहिले, खिडकीतून खाली पाहिलं, आणि डोक्यात पूर्ण वेळ एकच होतं: पंचवीस वाचले. पण शंभर मी कधी देणारच नव्हते, मग पंचवीस वाचले कुणाचे?

रविवार

सकाळी वही घेऊन बसले. भाडं वर्षाला ५ येतं. शंभराला पाच टक्के, पंचाहत्तराला ६.६७ टक्के. एजंट हाच दुसरा आकडा तोंडावर फेकतो आणि तिथेच थांबतो.

त्याच्या पुढचं असं. भाडेकरू बदलताना घर एखादा महिना रिकामं राहणार, ते ०.४२. दुरुस्ती आणि देखभाल, घराच्या तेजीतल्या किमतीच्या, म्हणजे शंभराच्या, एक टक्का धरली तर १. (ती ओल पाहता हे कमीच असावं.) मालमत्ता कर, विमा मिळून ०.६. उरले साधारण ३. म्हणजे पंचाहत्तर घालून चार टक्के.

आता कर्ज. ८० टक्के कर्ज काढलं तर ६०, आणि दर ८ टक्के धरला तर नुसतं व्याज ४.८. घर देणार ३. दरवर्षी १.८ मी पगारातून भरायचे, मुद्दल वेगळं. बरं, बँका मंदीत ८० टक्के देताना हात आखडतात, घराचं मूल्यांकनही कमीच करतात. म्हणून निम्मं कर्ज धरलं: ३७.५, व्याज ३. घर देणार ३. बरोबरी!

दोन मिनिटं आनंद झाला. मग दिसलं की माझे स्वतःचे साडेसदतीस त्या घरात जाऊन बसलेत आणि मला शून्य देतायत. ठेवीत काही तरी मिळत होतं.

म्हणजे पंचवीस टक्के उतरूनही हे घर भाड्याच्या जोरावर उभं राहत नाही. ते उभं आहे ते भाव परत चढेल या आशेवर. तेजीत घेणारेही त्याच आशेवर घेत होते. मी स्वतःला त्यांच्याहून शहाणी समजत होते.

मंगळवार

नवऱ्याला वही दाखवली. त्याने शांतपणे वाचली आणि म्हणाला, "आकडे बरोबर आहेत. पण जागा शेवटी वाढतेच." या 'शेवटी'ची मला भीती वाटते. ॲमस्टरडॅममध्ये हेरेनग्राख्त नावाचा कालवा आहे, श्रीमंतांच्या घरांचा. तिथल्या घरांच्या व्यवहारांवरून १६२८ ते १९७३ असा भावांचा निर्देशांक बांधलेला आहे. महागाई वजा केली तर साडेतीनशे वर्षांत भाव जेमतेम दुप्पट. तेही शहरातल्या उत्तम ठिकाणी. त्या मालकांनी पैसे मिळवले असतील तर ते राहून किंवा भाडं घेऊन.

तो म्हणाला, "साडेतीनशे वर्षं कोण थांबणार आहे? दहाचं बोल." दहाचंही बोलले. अमेरिकेत घरांचे भाव २००६ मध्ये शिखरावर होते. सप्टेंबर २००८ मध्ये लेहमन ब्रदर्स ही तिथली मोठी गुंतवणूक बँक बुडाली, तेव्हा कुणालाही वाटलं असतं की याहून वाईट काय होणार. तळ आला २०१२ मध्ये. देशभराच्या सरासरीत शिखरापासून चौथ्या हिश्शाहून जास्त घसरण. लेहमननंतर लगेच धाडस दाखवणाऱ्यालाही तीनेक वर्षं भाव आणखी उतरताना पाहावे लागले. जपानमध्ये १९९१ नंतर देशभरातल्या जमिनीच्या सरासरी भावाने पुन्हा वर मान काढायला पंधरा-सोळा वर्षं लावली. घरांचा बाजार शेअरसारखा एका दिवसात कोसळून मोकळा होत नाही. तो गळतो.

का गळतो याचं उदाहरण आमच्याच घरात आहे. दादाने तेजीत शंभराला घेतलं, ऐंशी कर्जाचे. आज त्याच्या घराला पंचाहत्तर येतील आणि देणं अजून अठ्ठ्याहत्तर. त्याने घातलेले वीस कागदावर संपले आणि वर तीन. "विकलं नाही म्हणजे तोटा नाही," असं तो म्हणतो. मी वाद घालत नाही. बॉस्टनमधल्या १९९० च्या दशकातल्या फ्लॅटविक्रीचा एक अभ्यास २००१ मध्ये आला होता. ज्यांना खरेदीपेक्षा कमी भाव मिळणार होता, ते मालक बाजारापेक्षा वाढीव किंमत मागत आणि त्यांची घरं जास्त काळ विकली जात नसत. स्वतः राहणाऱ्या मालकांत ही खोड गुंतवणूकदारांच्या साधारण दुप्पट. दादा गुंतवणूकदार असूनही राहणाऱ्यांच्या गटात मोडतो, असं मी एकदा म्हटलं तर दोन दिवस बोलला नाही.

त्यातही भाव धरून बसला ते मला कळतं. भाडं धरून बसला ते कळत नाही. जुनं भाडं मिळावं म्हणून घर पाच महिने रिकामं ठेवलं. एक रिकामा महिना म्हणजे वर्षाच्या भाड्याचा बारावा हिस्सा, ८.३३ टक्के. पहिल्याच आठवड्यात दहा टक्के कमी करून दिलं असतं तर वर्षाचे दहा टक्के गेले असते. आता चाळीसवर गेले. फोनवर हे सांगितलं. म्हणाला, "एकदा खाली आलो की वर जाता येत नाही गं." त्याचं अगदीच चूक आहे असंही नाही.

गुरुवार

एजंटने लिलावाचं सुचवलं. हप्ते थकलेली, बँकेने ताब्यात घेतलेली घरं. "तिथे खरा माल आहे, मॅडम." मॅसॅच्युसेट्समधल्या व्यवहारांवरच्या एका अभ्यासात अशी घरं सरासरी २७ टक्के कमी भावाने गेल्याचं दिसतं, त्यामुळे तो थापा मारत नाही. पण जाणारा माणूस नळ बदलून, छत दुरुस्त करून जात नाही. आतून न पाहता घ्यायचं आणि त्या सत्तावीसातले किती दुरुस्तीत जातील ते नंतर कळायचं. शिवाय (हे नवऱ्याला सांगितलं नाही) कुणाचं तरी घर गेलं त्या दिवशी मी तिथे बोली लावत उभी आहे, हे चित्र मला बघवत नाही. व्यवहारात याला अर्थ नाही, माहीत आहे. मी नाही घेतलं तर दुसरं कुणी घेईल.

शुक्रवार, उशिरा

झोप येत नाही म्हणून लिहिते आहे. मंदीत घेऊन श्रीमंत झालेले लोक असतातच, मग ते काय बघतात? अमेरिकी गुंतवणूकदार वॉरन बफे यांनी आपल्या कंपनीच्या भागधारकांना लिहिलेल्या २०१३ सालच्या पत्रात (ते २०१४ च्या सुरुवातीला निघालं) शेताची गोष्ट आहे. अमेरिकेत शेतजमिनीचे भाव अफाट चढून कोसळले, शेतकऱ्यांना कर्जं देणाऱ्या बँका बुडाल्या, आणि १९८६ मध्ये बफेंनी नेब्रास्कातलं ४०० एकर शेत घेतलं. शेतीतलं त्यांना काही कळत नव्हतं. मुलाला कळत होतं. मका किती, सोयाबीन किती, खर्च किती, हे त्याच्याकडून समजून घेतलं. किमतीच्या सुमारे दहा टक्के उत्पन्न येईल असं दिसलं, आणि घेतलं. पुढे उत्पन्न तिप्पट झालं, शेताची किंमत पाचपट किंवा जास्त.

लोक त्या पाचपटीवर बोलतात. मी दहा टक्क्यांवर अडकले आहे. ते पहिल्या दिवशी हातात होते. भाव अर्धा झाला म्हणून नव्हे, तर अर्ध्या भावात पीक परवडत होतं म्हणून घेतलं. माझं पीक पाच आहे, खर्च जाऊन तीन. मला निदान साडेपाच टक्के हवे असतील तर या घराला मी ५५ च्या आसपास देऊ शकते. मालक मागतो पंचाहत्तर.

आणि ते पाच तरी पक्के का? आम्ही निघताना त्या भाडेकरू बाई बोलून गेल्या होत्या, की ऑफिसने कामाचे दिवस कमी केलेत. भाव जसा एकदम पडतो तसं भाडं पडत नाही, हे खरं. पण भाव ज्या कारणाने पडला, त्याच कारणाने बाईंचा पगारही उतरला. वहीत मी रिकामा एकच महिना धरला होता. दोन धरले की तीनाचे २.६ होतात.

सोमवार

एजंटला फोन केला. पंचावन्न सांगितले. दोन सेकंद शांतता.

"मॅडम, थट्टा करताय?"

"नाही. भाड्याचा हिशेब पाठवते, मालकांना दाखवा."

"मालक भाड्याचं बघतच नाहीत. त्यांनी ब्याण्णवला घेतलंय."

त्यांनी कितीला घेतलं याच्याशी माझा काय संबंध, असं ओठावर आलं होतं. गिळलं. मालकही दादासारखाच कुणी असणार.

संध्याकाळी उलट निरोप आला: बहात्तर, आणि भाडेकरूला काढून घर मोकळं करून देतील. मी कळवलं, बाईंना काढू नका, घर भाडेकरूसकट पाहिलंय, भाडेकरूसकटच हवं होतं. आणि बहात्तर जमणार नाही. नवऱ्याने निरोप वाचून वही माझ्याकडे सरकवली. "ओल धरलीस का नीट?" धरली नव्हती. पंचावन्नही जास्तच होते की काय.

बुधवार

ठेव तूर्त सहा महिन्यांसाठी पुन्हा लावली. सहाच, कारण मन अजून उठलेलं नाही.

चौथ्या घराची जाहिरात एजंटने पाठवली आहे. सहा फोटो, जुना भाव खोडलेला, नवा लाल अक्षरांत. भाडं किती येतं ते कुठेच लिहिलेलं नाही. विचारलंय.