सध्या काय वाचताय, आणि पुढे काय?

डिसेंबर लागला की माझ्या ओळखीतली दोन-तीन डच माणसं दरवर्षी तेच एक पुस्तक कपाटातून खाली काढतात. गेरार्ड रेवे यांची 'द आव्होंडन' ही 1947 सालची कादंबरी. गोष्ट 22 डिसेंबर 1946 ला सुरू होते आणि 31 ला संपते. दहा दिवस, दहा प्रकरणं. त्यामुळे काही भाविक वाचक ती त्याच तारखांना, रोज एक प्रकरण अशी वाचतात. आपल्याकडे श्रावणात पोथी लावतात, तसंच जवळजवळ.

पोथीत घडतं मात्र काहीच नाही. फ्रिट्स नावाचा तेवीस वर्षांचा मुलगा आईवडिलांबरोबर राहतो. ऑफिसात फायलीतून कार्डं काढतो आणि काढून झाली की परत ठेवतो. वडील जेवताना आवाज करतात, बोलताना तेच तेच बोलतात, आणि हा मनातल्या मनात चरफडतो. मित्रांना भेटला की त्यांना टक्कल कधी पडणार याची चर्चा काढतो. महायुद्ध संपून दीड वर्ष झालेलं, पण त्याचं नाव क्वचितच निघतं. एकतीस डिसेंबरला आई मोठ्या हौसेने वाइनची बाटली आणते आणि तो निघतो फळांचा रस. तिथे हसावं की त्या माउलीसाठी डोळे पुसावेत कळत नाही. रेवे तेव्हा स्वतः तेवीस वर्षांचे होते.

हे पुस्तक मला सांगितलं समोरच्या घरातल्या बाईंनी. निवृत्त शिक्षिका आहेत. त्या मला सारखं बजावतात की नावाने हाक मार. माझ्या तोंडून काही त्यांचं नुसतं नाव निघत नाही, म्हणून इथेही त्या 'समोरच्या बाई'च. नेदरलँड्समधल्या उत्रेख्तला राहायला आल्यावर जिन्यात, दारात, कचऱ्याच्या डब्यापाशी आमची भेट व्हायची आणि हवामानाच्या पुढे गाडी जायची नाही. पगार किती, लग्नाला किती वर्षं झाली, मुलांचं काय ठरवलंय, हे आपले पहिल्या पाच मिनिटांतले प्रश्न इथे कुणी विचारत नाही. विचारलेत तर समोरचा दचकतो. मग एकदा त्यांनी माझ्या पिशवीतून डोकावणाऱ्या पुस्तकाकडे बघून विचारलं, "काय वाचतेयस?" आणि लगेच, "ते झाल्यावर काय वाचणार?"

त्या दुसऱ्या प्रश्नाला मी गडबडले. झाल्यावर काय म्हणजे? हाताला येईल ते! नाशिकला सार्वजनिक वाचनालयात, म्हणजे आमच्या सावानात, मी लहानपणापासून जायचे. ते 1840 सालचं वाचनालय. तिथे कपाटासमोर उभं राहून, किंवा काउंटरवर नुकतंच कुणी परत केलेल्या पुस्तकांच्या गठ्ठ्यात हात घालून पुस्तक निवडायचं, एवढीच माझी योजना. इथे लोकांच्या पलंगाशेजारी पुढच्या पुस्तकांची रास असते, आणि त्या राशीला क्रम असतो. या देशाचा बराच भाग समुद्रसपाटीच्या खाली असून टिकून राहिला तो नियोजनावर, तेव्हा वाचन तरी त्यातून कसं सुटेल.

बाईंच्या वाचनमंडळात मी पाहुणी म्हणून गेले आणि नियोजनाचं खरं रूप दिसलं. सात-आठ जणी आणि एक आजोबा. दर सहा आठवड्यांनी भेट, आळीपाळीने एकेकाच्या घरी. वर्षभराच्या तारखा आधीच ठरलेल्या, आणि प्रत्येकाच्या डायरीत शाईने लिहिलेल्या. एक पुस्तक सगळ्यांनी वाचून यायचं. न वाचता आलात तर कुणी ओरडत नाही, पण कुणी तुमच्याकडे वळतही नाही. सुरुवातीला कॉफी आणि एकेक बिस्किट. बिस्किटांचा पत्र्याचा डबा फिरतो, परत येतो आणि त्याचं झाकण लागतं. दुसरं बिस्किट दुसऱ्या कॉफीबरोबर. मी त्या डब्याकडे जरा जास्तच वेळ बघत होते.

मग चर्चेआधी प्रत्येकाने दहापैकी गुण द्यायचे. आकडा आधी, कारणं नंतर. आठ म्हणजे फार झालं. नऊ मी अजून ऐकलेले नाहीत. त्या दिवशी आजोबांनी पाच दिले. पुस्तक ज्या बाईंनी निवडलं होतं त्यांच्याच घरी बसून, त्यांचीच कॉफी पीत, त्यांच्या डोळ्यांत बघून ते म्हणाले की शंभर पानांनंतर लेखकाला सांगण्यासारखं काही उरलेलं नाही. मी मनात म्हटलं, आता संपलं, हे पुन्हा बोलणार नाहीत. यजमानीणबाईंनी मान हलवली, "बरोबर आहे, मलाही तिथे कंटाळा आला होता," म्हणाल्या आणि डबा पुन्हा उघडला. आपल्याकडे "छान आहे हो, पण जरा..." या 'जरा'मध्ये सगळं दडवतात. ऐकणाऱ्यालाही ते कळतं आणि दोघंही सुखाने घरी जातात. मला आपली रीत सोयीची वाटते. पण पुस्तकाबद्दल बोलायला त्यांची बरी, हे मान्य करते.

या सगळ्या वाचनवेडाला सरकारी आणि व्यापारी टेकूही भक्कम आहे. मार्चमध्ये पुस्तक सप्ताह असतो, 1932 पासूनचा. त्या काळात ठरावीक रकमेपेक्षा जास्तीची डच पुस्तकं घेतली की दुकानदार एक छोटं पुस्तक भेट देतो. ते दरवर्षी कुणातरी नामवंत लेखकाकडून खास लिहून घेतलेलं असतं. आणि सप्ताहातल्या एका रविवारी हे पुस्तक दाखवलं की डच रेल्वेत प्रवास फुकट असायचा! बरीच वर्षं ही पद्धत होती. अशाच एका रविवारी मी उत्रेख्तहून मास्ट्रिख्टला गेले. डब्यात जिकडेतिकडे एकच मुखपृष्ठ. तिकीट तपासनीस आला की हातातली पुस्तकं वर व्हायची. समोरच्या बाकावरच्या आजी त्यात बोट घालून बसल्या होत्या. तपासनिसाने विचारलं, "कसं आहे?" त्या म्हणाल्या, "सुरुवात बरी आहे, शेवट कळायला अजून दोन स्टेशनं." तो हसून पुढे गेला. विनातिकीट प्रवासाचा एवढा सात्त्विक प्रकार मी दुसरा पाहिलेला नाही. मास्ट्रिख्टला जाण्याचं कारणही पुस्तकंच. तेराव्या शतकातल्या डोमिनिकन चर्चमध्ये 2006 पासून पुस्तकांचं दुकान आहे. उंच खांबांच्या मधून लोखंडी जिने चढत वरच्या मजल्यावरच्या कपाटांपर्यंत जायचं आणि मान वर केली की छतावरची जुनी चित्रं.

किमतीचं मात्र आपल्या माणसाला जड जातं. अप्पा बळवंत चौकात "शेवटचं काय लावाल?" विचारायची सवय. इथे 2005 पासून कायदाच आहे: डच पुस्तकाची किंमत प्रकाशक ठरवणार आणि निदान पहिलं वर्षभर प्रत्येक दुकानाने त्याच किमतीला विकायचं. मोठ्या साखळीतलं दुकान असो की गल्लीतलं. नवी कादंबरी वीस युरोंच्या वरच जाते. हिशेब करू नये म्हणतात, पण रुपयांत गुणाकार आपोआप होतो. गल्लीतली दुकानं टिकून आहेत त्यात या कायद्याचा हात आहे, हे पटतं. पाकीट मात्र पटवून घेत नाही. इंग्रजी पुस्तकांना हा कायदा लागू नाही. तरुण मंडळी सर्रास इंग्रजीत वाचतात आणि डच प्रकाशक त्याची चिंता करतात. मराठी माणसाला ही चिंता नव्याने समजावून सांगायला नको.

फुकटात वाचायचं तर रस्त्यावर घराघरांपुढे काचेच्या दाराची छोटी कपाटं असतात. हवं ते न्या, नको ते ठेवा. आणि उत्रेख्तच्या नॉयडं चौकातलं वाचनालय आहेच. ती मूळची टपाल कचेरी, 1924 साली पूर्ण झालेली. पिवळ्या विटांच्या प्रचंड कमानी आणि त्यांच्यामधून झिरपणारा उजेड. मार्च 2020 मध्ये तिथे वाचनालय सुरू व्हायला आणि टाळेबंदी लागायला एकच गाठ पडली. आता शनिवारी बसायला जागा मिळत नाही.

शनिवारवरून आठवलं. या गावात एक कविता आहे, जी सगळं गाव मिळून आठवड्याला एक अक्षर या वेगाने वाचतंय. जुन्या कालव्याकाठच्या फरसबंदीत एका ओळीने दगड बसवलेत, एका दगडावर एक अक्षर. दर शनिवारी दुपारी एकच्या सुमाराला पाथरवट पुढचं अक्षर कोरतो. 2012 मध्ये हे सुरू झालं आणि थांबवायचा बेत नाही. कवी बदलत जातील. एखादा लांब शब्द पूर्ण व्हायला काही महिने लागतात. "पुढे काय वाचणार?" या प्रश्नाला एवढं धीराचं उत्तर मला दुसरीकडे मिळालेलं नाही.

इथल्या आम्हा मराठी मंडळींची बैठक याच्या अगदी उलट्या वळणाची. तारीख ठरते, बदलते, पुन्हा बदलते. जमतो तेव्हा आधी पोहे, मग कुणाची आई येणार आहे आणि तिच्या बॅगेत किती किलो रिकामे आहेत याची चौकशी. त्यानंतर पुस्तकं. एकच पुस्तक सगळ्यांनी वाचायचं हे आम्हाला झेपलं नाही, कारण एका मराठी पुस्तकाच्या सात प्रती इथे आणायच्या कुणी? म्हणून आम्ही गोल करून प्रत्येकाला विचारतो: सध्या काय, पुढे काय, आणि अर्धवट काय सोडलंत?

'पुढे काय'ची उत्तरं सुरुवातीला फार भारदस्त यायची. ज्ञानेश्वरी तर निम्म्या लोकांच्या यादीत होती, निवृत्तीनंतरच्या खात्यावर. तिसरा प्रश्न आला आणि रंग बदलला. नागपूरच्या एका ताईंनी सांगितलं की शाळेत पाठ्यपुस्तकातल्या उताऱ्यांमुळे ज्या लेखकाचा धसका घेतला, त्याचं एकही पुस्तक त्यांना पन्नास पानांपुढे जात नाही. मग प्रत्येकाने आपापलं पाप सांगितलं आणि पोहे गार झाले. एक कोल्हापूरकर दादा म्हणाले, "मी इथे आल्यापासून फक्त डच भाषेच्या परीक्षेचं पुस्तक वाचतोय. ते अर्धवट सोडता येत नाही हीच अडचण." सगळ्यात जास्त टाळ्या त्यांना.

पुस्तकं येतात कशी? बॅगेतून, मुख्यतः. तेवीस किलोंत गोडा मसाला, भाजणी आणि दिवाळी अंक यांची मारामारी. काशिनाथ रघुनाथ मित्र यांनी 1909 साली 'मनोरंजन'चा दिवाळी अंक काढला तेव्हा तो कधी विमानात वजन करून घेतला जाईल असं त्यांच्या स्वप्नातही आलं नसेल. आमच्या हाती अंक पडेपर्यंत डिसेंबर उजाडतो. प्रत्येक अंकाला पुढच्या वाचकांच्या नावांची चिठ्ठी टाचलेली असते. नाव खोडायचं आणि पुढे द्यायचं. शेवटच्या नावापर्यंत जाईतो राशिभविष्य वर्षभराने शिळं झालेलं असतं, तरी ते वाचलं जातंच. दुसरी सोय म्हणजे पेटी. कुसुमाग्रज प्रतिष्ठानची 'ग्रंथ तुमच्या दारी' ही योजना आमच्या नाशिकची, 2009 मध्ये सुरू झालेली. पुस्तकांनी भरलेली पेटी एका वाचकगटाकडे राहते, काही महिन्यांनी दुसऱ्या गटाच्या पेटीशी तिची अदलाबदल होते, आणि प्रत्येक पेटीत पुस्तकं वेगळी. देणगीतून उभं राहिलेलं हे काम नेदरलँड्सपर्यंतही पोचलं. पेटीचा मोठा गुण असा की तुम्ही काय वाचायचं ठरवलंय याला ती विचारत नाही. तिच्यात जे आहे ते वाचा. माझ्या सावानाच्या स्वभावाला हे मानवतं.

तर 'द आव्होंडन'. मी ती इंग्रजीत वाचली. इंग्रजीतही ती 2016 मध्येच आली, म्हणजे जवळजवळ सत्तर वर्षांनी. वाचताना सारखा भालचंद्र नेमाडे यांच्या 'कोसला'तला पांडुरंग सांगवीकर आठवत राहिला. 'कोसला' 1963 ची, नेमाडे तेव्हा पंचविशीतले. तोही बापावर चिडलेला, तोही कशातच मन न लागणारा, तोही विनोदाच्या आडोशाने बोलणारा. फरक एवढाच की फ्रिट्स घराच्या चार भिंतींत कुढतो आणि पांडुरंग खेड्यातून पुण्याला जाऊन, होस्टेल-मेस पालथी घालून परत येतो. मी हे बाईंना सांगितलं तर त्यांनी लगेच डायरी उघडली. 'कोसला'चा इंग्रजी अनुवाद आहे, 1997 चा. मिळवायला वेळ लागला, पण मिळाला, आणि मी तो त्यांच्या दारात नेऊन दिला.

त्यांनी सात दिले. मी म्हटलं, सात? त्या म्हणाल्या, साडेसात झाले असते, पण मुलगा बापावर फार अन्याय करतो, आणि पुण्यातल्या त्या मित्रांची नावं मला लक्षात राहीनात. मग जरा थांबून मनीच्या, त्याच्या धाकट्या बहिणीच्या मरणाच्या पानांबद्दल बोलल्या. तेवढ्या पानांना वेगळे गुण द्यायचे तर किती, असं मी विचारलं. तेवढ्या पानांना गुण देत नाहीत, म्हणाल्या.

आता त्यांना पुढचं मराठी पुस्तक हवंय. मी विश्राम बेडेकरांचं 'रणांगण' सुचवलंय. 1939 सालचं, युरोपातून मुंबईकडे निघालेल्या बोटीवरचं, जर्मनीतून परागंदा झालेली ज्यू हेर्टा आणि एक मराठी तरुण. हा विषय या देशात कुणाला समजावून सांगावा लागत नाही. बाईंनी नाव लिहून घेतलं, लेखकाच्या नावाचा उच्चार दोनदा करून घेतला आणि डायरीची पानं उलटत म्हणाल्या, "मार्चनंतर जमेल. जानेवारी-फेब्रुवारी भरलेत." डिसेंबरचं मी विचारलंच नाही.