पंधरा तासांची बॅटरी

नाशिकचा सिंहस्थ २०२७ चा, पण वॉकीटॉकीच्या चौकशा दुकानात आत्तापासून सुरू झाल्यात. प्रत्येकाचा पहिला प्रश्न ठरलेला असतो: "बॅटरी किती तास चालते?" तो ऐकला की मला विसर्जनाची ती संध्याकाळ आठवते आणि मी उत्तर द्यायच्या आधी जरा थांबतो.

एमजी रोडला माझं सेट भाड्याने द्यायचं आणि दुरुस्तीचं दुकान आहे. त्या वर्षी एका सिक्युरिटी एजन्सीला मिरवणुकीसाठी २४ सेट हवे होते. आदल्या वर्षी मी त्यांना निकेल मेटल हायड्राइडचे जुने पॅक दिले होते, त्यावर त्यांचे सुपरवायझर वैतागलेले. "भाऊ, त्या वजनानं पोरांच्या पँटी खाली येतात. हलकं काहीतरी द्या ना." मी लिथियम आयनचे नवे पॅक काढले, ७.४ व्होल्ट, २२०० एमएएच (मिलिअँपिअर-तास). जुने ७.२ व्होल्टचे, खाच तीच, त्यामुळे त्या सेटला दोन्ही बसतात. तास विचारल्यावर मी छातीठोकपणे सांगितलं, पंधरा.

आकडा हवेतून काढला नव्हता. या धंद्यात बॅटरीचे तास ५-५-९० च्या हिशेबाने छापतात. म्हणजे १०० मिनिटांत ५ मिनिटं बोलणं, ५ मिनिटं ऐकणं आणि ९० मिनिटं सेट नुसता चालू. आमचा ५ वॉटचा सेट बटण दाबून बोलताना साधारण दीड अँपिअर ओढतो, मोठ्या आवाजात ऐकताना पाव अँपिअर, आणि गप्प असताना ६० मिलिअँपिअर. सरासरी १४० मिलिअँपिअरच्या आसपास येते. २२०० ला तिने भागा, पंधरा तास होतात.

हा हिशेब ज्यांनी बसवला त्यांनी नाशिक ढोल ऐकला नसावा.

अकराला सेट वाटले. वाकडी बारवेवरून मिरवणूक निघाली आणि पावणेपाचला फोन आला. "भाऊ, तुमचे सेट पटापट बंद पडायला लागलेत. आत्तापर्यंत सात गेले." मी दुकानातल्या पोराला हाक मारली, कपाटातले जुने निकेलचे वीस पॅक पिशवीत भरले आणि निघालो. एरवी पाच मिनिटांचं रविवार कारंजा, त्या दिवशी पोचायला अर्धा तास लागला.

तिथे जे दिसलं ते मी दुकानात बसून कधी धरलंच नव्हतं. एक पोरगा ढोलपथकाच्या अगदी बगलेत उभा होता. एका कानात बोट, सेट तोंडाला चिकटवलेला, मानेच्या शिरा ताणून ओरडत होता, "दोरी धरा! दोरी, दोरी!" पलीकडून, "परत सांग." मग पुन्हा तेच. एक निरोप तीन-तीनदा, आणि प्रत्येक सेटचा आवाज पूर्ण फिरवलेला. सेट मरायच्या आधी टुंग टुंग करतो खरा, पण त्या गदारोळात ते ऐकणार कोण? लिथियमच्या पॅकमधलं संरक्षक सर्किट वेळ आली की सरळ पुरवठा तोडतं. बोलता बोलता माणूस गायब.

तिथेच मोबाइलवर हिशेब केला. बोलणं २० टक्के, ऐकणं ३० टक्के धरलं तर सरासरी ४०० मिलिअँपिअरवर जाते. म्हणजे जेमतेम साडेपाच तास. अकरा ते पावणेपाच मोजून बघा. बॅटऱ्यांनी दगा दिलाच नव्हता, चूक माझी होती. तास सांगायच्या आधी हे लोक बोलणार किती आणि कुठे उभे राहून, ते विचारायला हवं होतं.

जुने पॅकही काही धड नव्हते. वर १८०० लिहिलेलं, पण चार्ज करून महिना झालेला. ही जात कपाटात पडल्या पडल्या महिन्याला पाचवा हिस्सा तरी गमावते. म्हणून आधी सगळ्यांना सेट लो पॉवरवर, १ वॉटवर टाकायला लावले. रविवार कारंजा ते रामकुंड अंतर ते किती! ५ वॉटची गरजच नव्हती.

तेवढ्यात नजर गेली तर आमच्या पोराने लिथियमचा पॅक निकेलच्या जुन्या चार्जरमध्ये बसवला होता. कधी नव्हे तो माझा आवाज ढोलाच्या वरून गेला. निकेलचा पॅक भरला की त्याचं व्होल्टेज किंचित खाली येतं आणि तो चार्जर ती खूण बघून थांबतो. लिथियम अशी खूण देत नाही. त्याला ८.४ व्होल्टला रोखून धरणारा चार्जर लागतो. आतलं सर्किट वाचवेलही, पण गर्दीत मंडपाखाली त्याच्या भरवशावर मी राहणार नाही. पॅक काढला तेव्हा नुसता कोमट होता.

दुसऱ्या दिवशी सुपरवायझर पिशवी घेऊन आले. त्यात "मेलेले" म्हणून बाजूला काढलेले नऊ पॅक होते. मीटर लावला. सहा खरोखर रिकामे. तीन मात्र ७.९ व्होल्ट दाखवत होते, म्हणजे चांगलेच भरलेले. उलटे करून बघितले तर संपर्काच्या पितळी पट्ट्या गुलाबी! रस्त्यात पॅक बदलताना घामट हातांनी गुलाल दाबून बसवलेला. ब्रशने झाडलं, स्पिरिटने पुसलं, शाळेच्या खोडरबराने घासलं, आणि तिन्ही सेट बोलायला लागले.

सुपरवायझर बघत होते. म्हणाले, "म्हणजे काल हे तिघं फुकट मुके राहिले?"

भाडं त्यांनी निम्मंच ठेवलं काउंटरवर. मी मोजलं आणि गल्ल्यात टाकलं.